बाबा आलेत, पण रमत नाहीत

पत्राचा सारांश: एक वाचक भगिनी नऊ वर्षं नवरा आणि दोन मुलांसह परदेशात राहतात. मुलगी १० वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील ७४ वर्षांचे. एकटे राहतात, स्वतःचं सगळं स्वतः बघतात, वर इमारतीचे हिशेबही सांभाळतात. खूप आग्रह केल्यावर ते पाच महिन्यांसाठी लेकीकडे आले. पहिले दोन आठवडे लेकीने रजा काढून त्यांना भरपूर फिरवलं. रजा संपली आणि बाबा खिडकीशी बसले ते बसलेच. घरून काम करणाऱ्या जावयाच्या खोलीत दिवसातून दहादा डोकावतात, ‘काही हवंय का’ विचारतात. जावई चिडत नाही, पण गप्प होतो. नातवंडं दोन वाक्यं बोलतात आणि पळतात. आई असताना दोघं एकदा येऊन गेले होते, तेव्हा मात्र मजेत राहिले होते. परवा संध्याकाळी लेक घरी आली तर बाबा बूट घालून दारापाशी स्टुलावर बसलेले. ‘तू आलीस की एक चक्कर मारून येऊ म्हटलं.’ काल रात्री म्हणाले, ‘तिकीट अलीकडचं मिळतं का बघ.’ येऊन जेमतेम पाच आठवडे झालेत. भाऊ फोनवर ऐकवतो, ‘हौसेनं नेलंस, आता लगेच परत पाठवणार?’ त्यांचा प्रश्न: माझं कुठे चुकलं? बाबांना परत पाठवू, की समजूत घालून ठेवून घेऊ?

उत्तर:

तुमच्या पत्रात वर एक प्रश्न आहे आणि पोटात दुसरा. वरचा तिकिटाचा. तो सुटण्यासारखा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. पोटातला असा, की मी एवढं सगळं केलं तरी बाबा खूश का नाहीत?

तुम्ही काय काय केलंत ते मूळ पत्रात दोन पानं भरून आहे. वेगळी खोली, आपल्या भाषेतली चॅनेल्स, रजा, सहली, नवे गरम कपडे. सगळं मनापासून केलंय, त्याबद्दल शंका नाही. पण त्या दोन पानांत बाबांनी काय केलं ते कुठेच सापडलं नाही. गेल्या पाच आठवड्यांत त्यांनी स्वतः ठरवलेली आणि कुणाला न विचारता पार पाडलेली एक तरी गोष्ट आठवते का, बघा बरं.

आपल्या गावी एकटा राहणारा हा माणूस सकाळी उठल्यापासून बारीकसारीक पन्नास गोष्टी ठरवत असतो. दार कधी उघडायचं, कुणाचा फोन घ्यायचा आणि कुणाचा वाजू द्यायचा, बँकेत आज जायचं की उद्या, हिशेबात कोण पैसे थकवतंय आणि त्याला कसं गाठायचं. चार माणसं त्यांच्याकडे काम काढून येतात. तुमच्या घरात यातलं काहीच त्यांच्या हातात नाही. शेगडी काचेची असेल, तर तिला ना कान ना ज्योत. बोट लावलं की पीं पीं करते आणि आकडे बदलते. एकदा घाबरून हात मागे घेतला की माणूस पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. मग घोटभर पाणी गरम करायलाही कुणीतरी मोकळं व्हायची वाट बघायची. कप विसळून झाला, तर तो कपाटात जातो की भांडी धुवायच्या यंत्रात? कुठल्या कपाटात? ओला कप हातात धरून उभं राहण्यापेक्षा जावयाला विचारलेलं बरं. तो मीटिंगमध्ये दिसला, की उगाच आल्यासारखं वाटू नये म्हणून विचारायचं, ‘काही हवंय का?’

हे मी अंदाजाने लिहितेय, तुमचं घर मी पाहिलेलं नाही. पण दिवसातून दहादा डोकावणारा माणूस बहुतेक वेळा चौकस नसतो, रिकामा असतो.

आणि बूट. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, की इमारतीचं खालचं दार कोड दाबून उघडतं आणि बाबांना तो ‘सांगितला होता’. एकदा, चालता चालता, सांगितला असणार. आपल्या गावी कुलूप लावून कुठेही जाणारा माणूस बूट घालून तुमची वाट बघत बसला, कारण बाहेर पडलो तर परत आत येता येईल याची त्यांना खात्री नव्हती. ते कंटाळले असतील असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, ते अडकले होते.

मानसशास्त्रात या विषयावरचा एक जुना प्रयोग आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन संशोधिकांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, इथे तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. हे घ्या एक रोप, पाणी परिचारिका घालतील. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, खोली कशी लावायची ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, रोप आवडेल ते निवडा आणि सांभाळायचं तुमचं तुम्ही. तीन आठवड्यांनी पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी आणि एकूण खुशीत दिसली. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या म्हाताऱ्या माणसांविषयी निष्कर्ष काढू नयेत. पण पहिल्या मजल्यावर जे सांगितलं गेलं ते तुमच्या पत्रातल्या वाक्याशी किती जुळतं बघा: ‘मी त्यांना म्हटलं, बाबा, आयुष्यभर खूप केलंत, आता इथे नुसता आराम करा.’

तर करायचं काय?

आधी दार. या आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी त्यांच्यासोबत खाली जा, पण कोड तुम्ही दाबू नका. त्यांनी दाबायचा, चुकला तर पुन्हा त्यांनीच. मग एकच ठरलेली वाट: दारातून निघून बागेपर्यंत किंवा कोपऱ्यापर्यंत आणि तीच परत. चौथ्या दिवशी त्यांना एकट्याने जाऊ द्या आणि तुम्ही घरात थांबा. खिडकीतून बघायचं असेल तर बघा, मागून जाऊ नका. खिशात एक कार्ड असू द्या: मोठ्या अक्षरांत पत्ता स्थानिक लिपीत, तुमचा आणि नवऱ्याचा नंबर, त्यांचे आजार आणि औषधं, आणि आपत्कालीन क्रमांक. हा क्रमांक देशागणिक बदलतो. युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. कोड मात्र त्या कार्डावर नको, तो वेगळ्या चिठ्ठीत. वाहनं रस्त्याच्या उलट्या बाजूने चालणाऱ्या देशात असाल, तर रस्ता ओलांडताना आधी कुठे बघायचं याचा सराव खरोखर करून घ्या. जन्मभराची मान वळवायची सवय एका सूचनेने बदलत नाही. चालू असलेलं स्थानिक सिम फोनमध्ये हवंच. ते कुठे आहेत हे तुमच्या फोनवर दिसण्याची सोय करायची असेल तर त्यांना विचारून करा. न विचारता केलीत आणि त्यांना कळलं, तर पुन्हा बूट काढून बसतील.

मग घरातली यंत्रं. शेगडी, गरम पाण्याचा नळ, रिमोट, वॉशिंग मशीन. प्रत्येकावर लागणारी दोनच बटणं असतात. त्यांवर रंगीत टिकल्या चिकटवा आणि शेजारी आपल्या भाषेत एका ओळीची चिठ्ठी लावा. घर चार महिने थोडं बालवाडीसारखं दिसेल, चालतं. कपाटांवरही चिठ्ठ्या लावा. आणि त्यांनी कप चुकीच्या कपाटात ठेवला तर तो त्यांच्यादेखत उचलून बरोबर जागी ठेवू नका. हे मी विशेष करून लिहितेय, कारण अशा पत्रांमध्ये आईवडिलांच्या बाजूने सगळ्यांत जास्त तक्रार याची असते: ‘मी केलेलं काम लेक पुन्हा करते.’

काम द्या, पण खरं द्या. वेळ जावा म्हणून शोधून काढलेलं काम कुणालाही ओळखू येतं आणि हिशेब सांभाळणाऱ्याला तर लगेच येतं. तुमच्या घरात खरंच कुणाला तरी करावी लागणारी एक गोष्ट पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. कचरा कुठल्या वारी कुठल्या डब्यात जातो हे बऱ्याच देशांत चांगलं किचकट प्रकरण असतं, आणि घरोघरी त्यावरून वाद होतात. ते वेळापत्रक त्यांच्याकडे द्या. किंवा महिन्याच्या बिलांचा हिशेब. किंवा धाकट्याला बसच्या थांब्यावर सोडणं-आणणं. तिथे शाळेत त्यांचं नाव अधिकृतपणे नोंदवावं लागेल, बऱ्याच शाळा अनोळखी माणसाच्या हाती मूल देत नाहीत.

पण दुसरं टोकही गाठू नका. ‘आम्हाला बोलावतात ते नातवंडं सांभाळायला, फिरायला नेतो हे म्हणायचं’ असं लिहिणारी आजी-आजोबांची पत्रंही या सदराकडे येतात. एक ठरावीक काम म्हणजे मानाचं काम. दिवसभर दोन मुलं गळ्यात म्हणजे बिनपगारी नोकरी. फरक ओळखायचा उपाय सोपा आहे: ‘हे नको’ असं त्यांना सहज म्हणता येतंय का ते बघा.

आता जावई. त्याच्या गप्प होण्याचा तुम्ही लावलेला अर्थ म्हणजे बाबा त्याला नकोसे झालेत. कदाचित तसं असेलही. पण मीटिंगच्या मध्येच दार उघडलं की कुणीही गप्पच होतो, दार उघडणारा सख्खा बाप असला तरी. यात तुम्ही निरोप्या होऊ नका. ‘बाबा, त्याला त्रास होतो’ हे तुमच्या तोंडून ऐकलं की बाबांना ते अपमानासारखं लागेल, आणि आधीच लेकीच्या संसारात आपण किती दिवस राहावं याचा संकोच असतोच. त्यानेच सरळ सांगावं: दार बंद असलं की मी कॉलवर आहे, उघडं असलं की या. आणि रोज एक ठरलेली वेळ, वीस मिनिटं का होईना, दोघांनी एकत्र बसायचं. माझा अनुभव असा, की सासरा-जावई ही जोडी मध्ये कुणी नसलं तर बरी जमते.

मुलं पळतात ते मुख्यतः भाषेपायी. आजोबांचं वाक्य निम्मं कळतं, उत्तर देताना शब्द अडतो, आणि मोठी माणसं कौतुकाने बघत असतात. कुठलंही मूल पळेल. ‘आजोबांशी बोल गं’ हा आग्रह सोडा. मुलीला एक जबाबदारी द्या: आजोबांना बसने एका ठिकाणी नेऊन परत आणायचं, सुट्टीच्या दिवशी, दोघांनीच. तिकीट कसं काढायचं, कुठे उतरायचं, हे तिला येतं आणि त्यांना येत नाही. तिला बोलावंच लागेल, त्यांना ऐकावंच लागेल, आणि तुम्ही दुरुस्त करायला तिथे नसाल. पत्ते, बुद्धिबळ, सापशिडी यांना तर भाषाच लागत नाही.

इथवर सोयींबद्दल झालं. पत्रातलं एक वाक्य मात्र मला सोयींपलीकडचं वाटतं: ‘आई असताना आले होते तेव्हा किती रमले होते!’ तुम्ही हे पुरावा म्हणून लिहिलंय, की घर तेच, आपण तेच, मग आता काय बिघडलं? ते तेव्हा तुमच्या घरात रमले होते हे खरं. पण कुणासोबत? दुपारी तुम्ही कामावर गेल्यावर त्यांच्याशी बोलायला कोण होतं? फिरायला सोबत कोण होतं, आणि कप कुठल्या कपाटात जातो हे कुणाला माहीत होतं? गावच्या घरी आईशिवाय राहायची त्यांनी दोन वर्षांत सवय करून घेतली असेल. तुमच्या घरात आईशिवाय ते पहिल्यांदाच आलेत. खिडकी तीच असेल, तर शेजारची खुर्ची रिकामी आहे.

तुम्ही त्यांच्यापुढे आईचा विषय काढता का? पत्रावरून वाटतं, टाळता. त्यांना त्रास होऊ नये म्हणून. आणि बहुधा तेही टाळत असतील, तुम्हाला होऊ नये म्हणून. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेत पाच आठवडे काढले. रोज रात्री मुलं झोपल्यावर अर्धा तास फक्त तुम्ही दोघं, फोन बाजूला. कधीतरी मागच्या वेळचे फोटो काढून बसा. रडू आलं तर येऊ दे, त्यासाठी कुणी तिकीट अलीकडे घेत नाही.

तब्येतीबद्दल थोडं सावध राहायला हवं. पाच आठवड्यांनंतर पहाटे जाग येणं, दिवसा पेंगणं हे विमानप्रवासाच्या खात्यावर टाकू नका. साधारणपणे घड्याळाच्या दर तासाच्या फरकामागे एक दिवस, पूर्वेकडे प्रवास केला असेल तर थोडा जास्त, एवढ्यात शरीर जुळवून घेतं. झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींमधला रस हे तिन्ही दोन आठवड्यांहून जास्त काळ उणे असेल, तर ते नैराश्य असू शकतं. उतारवयात ते रडण्यापेक्षा गप्प बसण्यात जास्त दिसतं आणि त्यावर उपचार आहेत. दुसरं, स्मरणशक्ती. ओळखीच्या घरात सवयीच्या जोरावर झाकलेला विसर नव्या घरात उघडा पडतो. रात्री बाथरूमचं दार अजूनही सापडत नाही, एकच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा येतो, असं काही दिसत असेल तर तारखेनिशी टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र दोन-चार दिवसांत अचानक गोंधळल्यासारखे वागायला लागले तर वाट बघू नका. या वयात लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं किंवा औषधांची गडबड यांनीही असा गोंधळ उडतो, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

त्यासाठी विम्याची कागदपत्रं आज काढून वाचा. ‘विमा काढलाय’ एवढं पुरत नाही. पाहुण्यांच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीपासून असलेले आजार एक तर वगळलेले असतात किंवा त्यांची अचानक उसळलेली अवस्थाच तेवढी भरून मिळते. अर्ज भरताना रक्तदाब-मधुमेह ‘उगाच कशाला लिहा’ म्हणून गाळला असेल, तर दावा नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरतं. औषधं परतीच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे पुढेपर्यंत पुरतील ना, हेही मोजा. कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात, म्हणून चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव हवं. जे वाचक आईवडिलांना आणण्याच्या तयारीत आहेत त्यांनी एक जास्तीची चौकशी करावी: कोडीन, ट्रामाडॉल यांसारख्या वेदनाशामकांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत, आणि ‘डॉक्टरांनी दिलंय’ हे उत्तर विमानतळावर दरवेळी चालत नाही.

आता तिकीट.

‘अलीकडचं मिळतं का बघ’ याचा अर्थ ‘मला तुमच्याकडे आवडत नाही’ असा तुम्ही लावलात आणि रात्रभर जागलात. तुम्ही त्यांना कारण विचारलंत का? पत्रात तसा उल्लेख नाही. कारण अगदीच साधं असू शकतं. त्यांच्या तिकडच्या सिमवर रोमिंग सुरू नसेल तर बँकेचा ओटीपी येत नाही, आणि त्यावाचून ना बिल भरता येतं ना ठेवीचं नूतनीकरण होतं. नंबर बराच काळ वापरला नाही तर कंपनी तो बंदही करते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो बहुतेकदा परदेशातूनही देता येतो, पण हे त्यांना ठाऊक नसेल. इमारतीच्या हिशेबाची तारीख जवळ आली असेल. स्वाभिमानी माणूस असं काही अडलं तर ‘मला मदत कर’ म्हणत नाही, ‘तिकीट बघ’ म्हणतो. तेव्हा आधी विचारा, ‘बाबा, तिकडे काही अडलंय का?’ आणि उत्तर ‘काही नाही’ आलं तरी एकदा सोबत बसून बँक, फोन, पेन्शन तपासून घ्या.

आणखी एक. हे पाच महिने ठरवले कुणी? माझा तर्क, तिकिटाने. एवढं लांबचं, एवढं महागाचं तिकीट, मग निदान पाच महिने तरी. मुक्कामाची लांबी भाड्यावरून ठरते आणि नंतर आपण तिला मायेचं माप समजतो. पाच महिने राहिले तर प्रेम, दोन महिन्यांत गेले तर काहीतरी बिनसलं. तुमच्या भावाचा टोमणा याच हिशेबातून येतो, आणि तुम्हाला तो लागतो कारण तुम्हीही तोच हिशेब धरलाय. ७४ वर्षांच्या, स्वतःचं घर आणि स्वतःची माणसं असलेल्या माणसासाठी सात-आठ आठवडे हा भरगच्च मुक्काम आहे.

तरीही या आठवड्यात तिकीट बदलू नका, असं मी सुचवेन. आत्ता गेले तर दाराशी वाट बघत बसल्याची आठवण घेऊन जातील. त्यांना स्पष्ट सांगा: ‘बाबा, तिकीट बदलता येतं, मी चौकशी केली. आपण तीन आठवडे थांबू, अमुक तारखेला तुम्ही जे सांगाल ते करू.’ तारीख खरी सांगा, कॅलेंडरवर लिहा. जाण्याचा रस्ता उघडा आहे हे कळलं की राहणं पुष्कळ हलकं होतं. त्या तीन आठवड्यांत दार, शेगडी, एक खरं काम आणि रात्रीचा अर्धा तास, एवढंच करा. सहली नकोत. त्या दिवशी विचाराल तेव्हा ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर घेऊ नका. ‘मी म्हणणार नाही, तुम्ही सांगा’ म्हणा आणि गप्प बसा. जरा अवघड जाईल. ‘राहतो’ म्हणाले तर उत्तम. ‘जातो’ म्हणाले तर डोळ्यांत पाणी न आणता तिकीट बदला, म्हणजे पुढच्या वेळी बोलावलंत तर ते यायला कचरणार नाहीत. तुमच्या डोळ्यांकडे बघून राहिलेले तीन महिने त्यांनाही जड जातील आणि तुम्हालाही.

भावाला फार समजावत बसू नका. ‘बाबांनी ठरवलंय, त्यांच्याशी बोल’ एवढं पुरे. तो बाबांना रोज फोन करतो की फक्त तुम्हाला, हा प्रश्न मनात आला, पण पत्रात त्याची बाजू नाही म्हणून सोडून देते.

पुढच्या वेळेसाठी, आणि पहिल्यांदाच कुणाला आणणार असाल त्यांच्यासाठी: सगळी रजा सुरुवातीला उधळू नका. पहिला आठवडा घरी राहा, मग नेहमीचे दिवस सुरू होऊ द्या, आणि उरलेली रजा एकेक दिवस करून मधे पेरा. दोन आठवडे उत्सव आणि मग अचानक शुकशुकाट, यापेक्षा ते बरं. किती दिवस राहायचं हे येणाऱ्याला विचारून ठरवा आणि मग व्हिसाशी ताडून बघा. व्हिसाची मुदत आणि राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेंगेन देशांत (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) अल्पकालीन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. अमेरिकेत व्हिसा दहा वर्षांचा असला तरी आय-९४ या प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या नोंदीतली तारीख पाळावी लागते. ब्रिटनमध्ये पाहुण्यांना एका वेळी साधारण सहा महिने मिळतात. मुक्काम कमी करणं कधीही सोपं, लांबवायचा असेल तर परवानगी आणि विमा दोन्ही मुदतीच्या आत वाढवावे लागतात. आणि दरवेळी त्यांनीच का यावं? मुलांच्या सुट्टीत तुम्ही त्यांच्याकडे तीन आठवडे गेलात, तर कोड, शेगडी आणि बस यांतलं त्यांना काहीच शिकावं लागणार नाही, उलट तुमच्या मुलांना ते चार गोष्टी दाखवतील.

परतीचा प्रवास अलीकडचा असो की ठरलेला, थोडी तयारी लागेल. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं होतं. एरवी तो धोका लहानच असतो, पण वय आणि आधीचे आजार तो वाढवतात. कडेची जागा घ्या, म्हणजे कुणाला न उठवता त्यांना उठता येईल. पाणी पीत राहायचं, घोटे फिरवत राहायचं. घरी पोहोचल्यावर पुढच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली किंवा दम लागला तर लगेच डॉक्टर, हे भावालाही सांगून ठेवा. औषधं हातातल्या सामानात, चिठ्ठीसकट. विमान बदलायचं असेल तर व्हीलचेअरची मदत मागून घ्या. चालता येत असलं तरी मागा आणि त्यांना सांगा की ती पायांसाठी कमी आणि लांबच्या गेटांसाठी, रांगांसाठी जास्त असते. कमीत कमी ४८ तास आधी कळवावं लागतं. तिकिटाची तारीख बदललीत तर ही मदत नव्या तिकिटावर पुन्हा नोंदवून घ्या. जुनी नोंद आपोआप पुढे जाईल असं धरून चालू नका.